मी लावलेला उजवा कौल

लोक अजूनही कौल लावून घ्यायला माझ्याकडं येतात आणि मी अजूनही त्यांच्या अंगावर धावून जातो. दुखणं असेल तर ऊठ, आधी डॉक्टरला दाखव. सोयरीक, पेरणी, विहीर कुठं खणायची, असलं काही असेल तर बस, लावतो. म्हातारी माणसं मागं म्हणतात, बायको गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय. त्यांच्या बापाचं काय जातंय?

कौल म्हणजे काय ते सांगतो, कारण खाली शहरात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. भाजे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला देवीचं देऊळ, म्हणजे चार भिंती, वर पत्रा आणि आत शेंदूर लावलेली काळ्या दगडाची मूर्ती. देवीला काही विचारायचं असलं की फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, तिच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि गप बसायचं. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान आमच्या घराचा. पणजा लावायचा, मग आजा, मग बाप, बापाच्या मागं मी. आमच्या घरानं कौलात कधी खोट केली नाही, असं सगळी वाडी म्हणायची आणि ते ऐकताना माझी छाती फुगायची.

तसा मी बारावी झालेला माणूस. वलवणला एका बंगल्यावर केअरटेकर आहे. मंगळवार ते गुरुवार झाडं, पंप, पोहायच्या तलावाची साफसफाई, आणि शुक्रवारपासून पाहुणे. पाहुणे म्हणजे रात्रभर गाणी आणि सकाळी सगळ्या हिरवळीवर बाटल्या. सोमवारी एक दिवस घरी जायचो. लोकलनं मळवलीला उतरून वर चालत. बायको मला 'सायेब' म्हणायची. मालकानं दिलेली टोपी घालून मी वाडीत शिरलो की लांबूनच ओरडायची, "सायेब आलं, सायेब आलं, उठा रं समदी!" आणि स्वतः मात्र जागची हलायची नाही. शनिवार-रविवारी ती लेण्यांच्या वाटेवर उकडलेली कणसं आणि लिंबू सरबत विकायची. कुणी भाव केला की म्हणायची, "दादा, यवढं वर चढून आलाव, आता माज्यापाशीच का दमताव?" लोक हसून घ्यायचे. तिच्याशी बोलण्यात कुणाचं काही चालायचं नाही. माझं तर नाहीच.

देवीवर तिचा जीव होता. माझ्यासारखा मानापानाचा नव्हे, खरा. रोज सकाळी वर जाऊन देऊळ झाडायची आणि झाडता झाडता देवीला घरातलं सगळं सांगायची. म्हैस आटली, लेकीच्या सासूनं टोमणा मारला, नवरा बंगल्यावर काय खातो कुणास ठाऊक. मी एकदा म्हटलं, देवीला एवढ्या चौकशा कशाला? तर म्हणे, "तिला तरी कोन हाय बोलायला? दगडात एकलीच बसलीया."

एका सोमवारी, ऐन पावसात, तिनं मला घरामागं बोलावलं. म्हणाली, छातीत गाठ लागतीय, सुपारीएवढी, दुखत नाही. मी तिला कामशेतच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं हात लावला आणि सरळ सांगितलं, पुण्याला जा, तपासणी करा, बहुतेक काढावी लागेल, उशीर करू नका. आमची एकच लेक, लग्न होऊन तळेगावला दिलेली, कंपनीत कामाला जाते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, उद्याच्या उद्या या. मी सुट्टी टाकते."

माझी आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "देवीला इचारल्याबिगर अंगाला सुरी लावायची न्हाई." बायकोनं मान हलवली. तिलाही तेच हवं होतं. लेक फोनवरून ओरडत होती, कौल कसला लावता, दवाखान्यात न्या म्हणून. मी फोन ठेवला.

त्याच दुपारी कौल लावला. तेरड्याच्या दोन पाकळ्या, एकाच वाटीतलं पाणी. काहीही खोट नाही. बायको हात जोडून पुढं बसली होती. मी विचारलं, आई, हिचं ऑपरेशन करावं का? बराच वेळ गेला. पत्र्यावर पाऊस चालला होता. मग डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"आई नगं म्हनती," माझ्या आईनं सांगितलं. बायको वाकून पाया पडली आणि उठली. तिच्या तोंडावर भीती कमी झाल्यासारखी दिसली. संध्याकाळच्या लोकलनं मी परत कामावर गेलो.

आणि आमच्याकडची रीत अशी की एकदा आलेला कौल पुढच्या चैत्राच्या जत्रेपर्यंत मोडायचा नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारणं म्हणजे देवीच्या तोंडावर तिला खोटं पाडणं. म्हणून आम्ही थांबलो. किती मूर्ख माणसं असतील जगात, पण आमच्यासारखी नसतील. पावसाळा गेला, भात कापून झालं, थंडी आली. कुणी सांगितलं तो पाला वाटून लावला. गाठ लिंबाएवढी झाली. काख दुखायला लागली, मग हात वर होईना. कणसांची टोपली डोक्यावर घेता येईना तेव्हा तिनं धंदा बंद केला आणि म्हणाली, "आई बगती हाय न्हवं? बगंल की." लेकीनं माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी एकदा फोन केला तो एवढंच विचारायला, "बाबा, तुम्ही शिकलेले ना?" आणि तिनं फोन ठेवला. मी टोपी घालून तलावातली पानं काढत होतो.

चैत्रात जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कौल लावायचा ठरलं. बायकोचा हात सुजला होता. तरी ती म्हणत होती, आई म्हणेल तसं, नाही म्हणाली तर नाही. त्या क्षणी मला कळून चुकलं की पाकळी जर पुन्हा डावी पडली तर ही बाई इथं, ह्या डोंगरात, माझ्या डोळ्यांपुढं मरणार आणि हात जोडून मरणार.

देवीपुढं जत्रेच्या नैवेद्याचं ताट होतं. त्यात गुळाचा खडा. मी पाकळ्या भिजवायच्या निमित्तानं सगळ्यांकडं पाठ केली आणि डाव्या पाकळीच्या मागं गूळ ओला करून फासला. पाकळी दोनदा निसटली. चार पिढ्यांत कुणी केलं नाही ते मी केलं, आणि तेही तिच्याच नैवेद्याचा गूळ घेऊन. प्रश्न विचारला. डोळे मिटून बसलो. उजवी पडली.

माझी आई रडायला लागली. बायकोनं देवीच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ उचललंच नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "चला, सायेब. कुटं न्यायचं तितं न्या."

वलवणला माझ्या शेजारच्या बंगल्यावर माझा शाळेतला सोबती कामाला होता. खालच्या गावचा, बौद्ध वस्तीतला. त्यानं मालकाला न विचारता गाडी काढली आणि आम्हाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी तपासलं, कागद बघितले, कामशेतच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरची तारीख बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "इतके महिने काय करत होतात?" काय सांगणार? पाकळी पडायची वाट बघत होतो म्हणून सांगू? त्या म्हणाल्या, "काखेत पसरलंय. तेव्हा आला असतात तर गोष्ट वेगळी होती." बोलल्या त्या हळूच, पण भर बाजारात कुणीतरी थोबाडीत मारावी तसं मला झालं.

ऑपरेशन झालं. मग केमो. दर तीन आठवड्यांनी जायचं, सुई लावून दिवसभर पडायचं, घरी येऊन चार दिवस ओकायचं. केस गेले. डोक्याला पदर घट्ट बांधून ती वॉर्डात बसायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बायकांना सांगायची, "मला काय व्हत न्हाई. आमच्या देवीनं उजवा दिलाय." त्या विचारायच्या, उजवा म्हणजे काय? मग ही सगळं समजावून सांगायची, पाकळ्या कशा लावतात, कोण लावतो. "ह्येच लावत्यात," म्हणून माझ्याकडं बोट दाखवायची. बायका माझ्याकडं आदरानं बघायच्या. एक तर म्हणाली, भाऊ, माझ्यासाठी पण लावा की. मी उठून बाहेर गेलो आणि जिन्यात भिंतीवर डोकं आपटलं.

ह्या काळात समजूत घालायला येणारे लोक मला विषासारखे वाटायचे. एक भजनी बुवा आले, म्हणाले, देव आपल्या माणसाची परीक्षा बघतो. मी म्हटलं, बुवा, नापास झाल्यावर पेपर तरी दाखवतो का तुमचा देव? पुन्हा आले नाहीत, बरं झालं. बंगल्यावर आलेल्या एका मॅडमनी सांगितलं, पॉझिटिव्ह राहा, सगळं कशासाठी तरी होत असतं. कशासाठी, ते मात्र त्यांना सांगता येईना, मग मला टॉवेल आणायला पिटाळलं. वाडीतला एक आबा म्हणाला, मागच्या जन्माचं असेल बाबा. तिच्या ह्या जन्मात शोधून काही सापडेना, म्हणून मागचा जन्म! कुणाच्या बांधाला तिनं हात लावला नाही, कुणाच्या ताटातलं ओढलं नाही. माझा तो शाळेतला सोबती तेवढा कधी काही बोलला नाही. देव नाही, कर्म नाही, काही नाही. दवाखान्याच्या दिवशी सकाळी डबा घेऊन यायचा, गाडी पुसायचा आणि विचारायचा, "वहिनी म्होरं बसत्यात का मागं?" त्याचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत.

आणि देवीशी माझं भांडण चाललं होतं. घरी आलो की वर जायचो, कुणी नसताना, आणि दाराशी उभा राहून तिला बोलायचो. पाया पडत नव्हतो. म्हणायचो, तुला जर सगळं कळतं तर पहिल्या खेपेला नको का म्हणालीस? तेव्हा सुपारीएवढी होती. हो म्हणायला तुझं काय जात होतं? आणि तुला काहीच कळत नसेल, नुसती पाकळी वाऱ्यानं आणि पाण्यानं पडत असेल, तर आम्ही चार पिढ्या कुणापुढं वाकलो? बोल की! मी खरं वागलो तेव्हा तू मला फसवलंस. मी खोटं केलं तेव्हा उशीर झाला होता. एकदा इतका मोठ्यानं ओरडलो की माझाच आवाज घुमला. देवीच्या मागची एक पाल सरकली, तेवढंच उत्तर.

पण खरं सांगायचं तर देवीवरच्या रागापेक्षा मला दुसरीच गोष्ट पोखरत होती. ही बाई सुया खाते, ओकते, हाडं दुखतात तरी हू की चू करत नाही, ती कुणाच्या शब्दावर? गुळाच्या. माझ्या. ज्याला ती देवीचा हो समजते तो माझा खोटेपणा आहे. तो तिच्यापाशी राहू द्यावा की सांगून टाकावा? सांगावं तर तिचा आधार जातो. न सांगावं तर ती एका खोट्यावर विसंबून जाणार, आणि मी ते हाताची घडी घालून बघणार. सहा-सात महिने मी हेच चावत बसलो होतो.

वर्ष फिरलं. दुखणं हाडांत उतरलं. डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खायला घाला. मी मालकाला सांगून टोपी काढून ठेवली आणि घरी येऊन राहिलो. लेकही आली, आईचं सगळं करायला लागली. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

फाल्गुनातली दुपार होती. लेक पाण्याला गेली होती, माझी आई शेजारी. बायकोला मी ओटीवर उन्हात आणून निजवलं होतं, कारण तिला सारखी थंडी वाजायची. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती म्हणाली, "आईनं उजवा दिला म्हून यवडं तरी दिस मिळालं बगा." आणि माझा धीर सुटला.

"तो देवीनं दिला नव्हता," मी म्हटलं. "मी केला होता. डाव्या पाकळीला गूळ लावला होता."

मला वाटलं ती तोंड फिरवेल. शिव्या देईल. रडेल. ती काहीच न झाल्यासारखी म्हणाली, "ठाव हाय मला."

माझे हात तिच्या पायावरच राहिले.

"दुसऱ्या दिशी झाडाया गेलते न्हवं मी," ती म्हणाली. मधेमधे थांबून, दम घेत बोलत होती. "देवीच्या डाव्या खांद्यावर मुंग्याच मुंग्या. पान्याला का मुंग्या येत्यात? म्हातारीला दिसाय नगं म्हून वल्या फडक्यानं पुसून काडल्या."

"आणि तरी सगळ्यांना सांगत सुटलीस, देवीनं उजवा दिला म्हणून?"

"दिलाच की. तुमी गूळ लावत व्हता तवा तिनं तुमचा हात धरला का? न्हाई धरला. धरायचा आसता तर धरला आसता. मी तिच्यावर हवाला ठिवलाय, आन् अजून तिच्यावरच हाय. का केलं, कशापायी केलं, तिचं तिला ठाव. मी न्हाई इचारत."

मी ढसाढसा रडलो. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं. ज्या बाईचा विश्वास मोडेल म्हणून मी झुरत होतो, तिचा विश्वास माझ्या गुळावर कधी उभाच नव्हता. माझं खोटं पोटात घालून तिनं तो तसाच ठेवला होता. मी तिचा हात धरला. वाटलं, संपलं, आता आमच्यात काही लपलेलं नाही.

ती पत्र्याकडं बघत पडून होती. थोड्या वेळानं, काही राग नाही, टोमणा नाही, भाजीत मीठ घातलं का म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, "पर मंग पयल्या येळंला का न्हाई लावला वो गूळ?"

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं. पावसाचे दिवस, भुशीपासून वलवणपर्यंत रस्ते गाड्यांनी भरलेले, बंगला दोन महिने एक दिवसही रिकामा नव्हता. सीझन संपेपर्यंत सुट्टी मागायची नाही, असं मालकानं बजावलं होतं. ती डावी पाकळी पडली तेव्हा, देवीपुढं, माझी बायको हात जोडून शेजारी बसलेली असताना, मी मनात म्हटलं होतं, सुटलो. एवढाच शब्द. मग टोपी घेतली आणि लोकल पकडली.

ती माझ्याकडं बघत होती. देवीला विचारलं नाही ते तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, "पाणी देऊ का तुला?"

ती म्हणाली, "द्या."

पुन्हा तिनं विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली. आता सकाळी देऊळ मी झाडतो, देवीला पाणी घालतो, शेंदूर लावतो. भांडत मात्र नाही. 'का?' म्हणून तिला विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही.